कार्डावरचा बावीस

(दृश्य: अंधारी शेड. टिग वेल्डिंगचा आर्क पेटतो. गडद काचेतून वितळलेलं लोखंड.)

दोन पाइपांच्या फटीत पुढेपुढे सरकणारं हे छोटं छिद्र बघा. कीहोल. वेल्डर आत्ता बाकी कशाकडेच बघत नाहीये. छिद्र मोठं झालं की लोखंड पाइपाच्या आत ओघळतं, बुजलं की पेनिट्रेशन मिळत नाही, म्हणजे जोड तळापर्यंत भिनत नाही. दोन्हीत जॉब गेला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातातली फिलरची तार थेंबाथेंबाने आत जातेय आणि श्वास जवळजवळ रोखलेला.

हा शॉट जरा लांबलाय. पण कापवेना.

(दृश्य: भोसरी एमआयडीसी. पत्र्याची शेड, दारात ऑक्सिजन-आरगॉनच्या बाटल्या.)

भोसरीतल्या या शेडमध्ये वेल्डरच्या पात्रता-परीक्षेची तयारी करणारी नऊ जणांची बॅच आहे. पाइप सहा इंची, शेड्युल ८०, भिंत साधारण ११ मिलिमीटर जाड. पंचेचाळीस अंशात तिरका जखडलाय आणि शेवटपर्यंत तो हलवायचा नाही. फिरायचं वेल्डरने. खाली आडवं होऊन सुरुवात, मग गुडघ्यावर, मग उभं राहून डोक्यावर. ही सिक्स-जी पोझिशन. यात पास झालेल्याला बाकी पोझिशनची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून सगळ्यांना सिक्स-जीच हवी असते.

(दृश्य: स्लॅग ठोकून काढणारा हातोडा, वायर ब्रश, ठिणग्या.)

रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात तळाचा थर, आणि त्यावरचा पास (थर) टिगने, आरगॉन वायूच्या आवरणात. तिथून वर 'आर्क', म्हणजे रॉडचं वेल्डिंग, सत्तर-अठराचा (E7018) रॉड. हा रॉड ओलाव्याला नाजूक. ओव्हनमधून काढून गरम डब्यातच ठेवायचा, लागेल तसा एकेक बाहेर. प्रत्येक पास झाला की स्लॅग, म्हणजे वर जमलेली काचेसारखी खपली, ठोकायची, ब्रश मारायचा, कोपऱ्यात काळी रेघ राहिली असेल तर ग्राइंडर. राहिलेली रेघ पुढच्या पासखाली गाडली जाते आणि एक्स-रेत बरोबर वर येते.

बीडकडचे हे भाऊ दहा वर्षं साइटवर आहेत. त्यांची कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर, बघा, विणल्यासारखी. शिकवणारे सर त्यांच्या पाइपाशी येतात, बोट फिरवतात आणि काही न बोलता पुढे जातात.

मग हे शिकायला का आले? वडिलांच्या आजारपणात सात महिने गावी होते. परत आले तर पात्रतेचं कार्ड मेलेलं. एखाद्या प्रोसेसने, म्हणजे टिग किंवा आर्क अशा पद्धतीने, सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर त्या प्रोसेसची पात्रता संपते, असं कोडमध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, लिहिलंय. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. काम गेलं.

(दृश्य: टेबलावर जाड पुस्तक. पानांना चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या.)

हे ते पुस्तक. एएसएमई या अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या बॉयलर आणि प्रेशर व्हेसल कोडचा नववा भाग, साइटवरच्या भाषेत 'सेक्शन नाइन'. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते. इंग्रजीत, आणि इंग्रजीही कायद्याच्या वळणाचं. ज्याच्या हाताची परीक्षा त्यात लिहिलीय त्याच्याकडे ते जवळजवळ कधीच पोचत नाही. क्वालिटीवाल्यांच्या कपाटात असतं. वेल्डर दाखवतील तिथे सही करतो.

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो.)

१९०५, अमेरिकेतलं ब्रॉकटन. बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं मेली आणि दहा वर्षांनी या कोडचं पहिलं पुस्तक आलं.

(दृश्य: शेडची भिंत. ऑइलपेंटने मराठीत रंगवलेले तक्ते.)

सरांनी पुस्तक भिंतीवर आणलंय. पहिली ओळ: 'शॅल आलं की करायचंच. मे आलं की चालेल.' खाली तीन चौकोन. डब्ल्यूपीएस: काम कसं करायचं. पीक्यूआर: तसं केल्यावर लोखंड टिकलं का. डब्ल्यूपीक्यू: हा माणूस ते करू शकतो का.

"एक कागद लोखंडाची परीक्षा घेतो, दुसरा तुझ्या हाताची," सर म्हणतात. म्हणून वेल्डरच्या परीक्षेत जोडातून कापलेली पट्टी ओढून तोडत नाहीत. जोड किती भार घेतो ते पीक्यूआरमध्ये आधीच ठरलेलं असतं. इथे फक्त बघायचं, याचा हात निर्दोष जोड देतो का.

दुसऱ्या तक्त्यावर, काय बदललं की परीक्षा पुन्हा. खालून वर चढणारा वेल्डर वरून खाली यायला लागला, पुन्हा. फटीच्या मागे आधाराची पट्टी लावून परीक्षा दिली आणि काम त्या पट्टीशिवाय, पुन्हा. कंपनी बदलली तरी बहुतेक वेळा पुन्हाच, कारण पात्रतेची जबाबदारी कोडने कंपनीवर टाकलीय. जुनं कार्ड खिशात असतं, दारावर त्याला किंमत नसते.

(दृश्य: बेंड टेस्ट. हायड्रॉलिक जॅक, पट्टी हळूहळू वाकते. संगीत नको, फक्त पंपाचा आवाज.)

पाइपातून चार पट्ट्या कापल्या. दोन वरच्या बाजूने ताणायच्या, दोन रूटच्या बाजूने. १८० अंश, घोड्याच्या नालासारख्या. ताणलेल्या बाजूवर ३ मिलिमीटरपेक्षा मोठं तोंड उघडता कामा नये.

पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसरी, रूटची.

(दृश्य: पट्टीवर क्लोज-अप. स्टीलची मोजपट्टी टेकवली जाते. पाच सेकंद.)

उदगीरच्या मुलीची पट्टी. लगेच पुन्हा द्यायची तर आता एकाऐवजी दोन कुपन (परीक्षेचे तुकडे), आणि दोन्ही पास व्हायला हवीत. ती सराव करून मग देणार आहे.

(दृश्य: शेवटचा दिवस. फळ्यावर खडूने रेखाटलेलं कार्ड.)

शेवटचा तास कागदाचा. सरांनी फळ्यावर डब्ल्यूपीक्यू कार्ड भरलंय: पाइप ११ मिलिमीटर, प्रोसेस टिग आणि आर्क, पात्रता २२ मिलिमीटरपर्यंत. दुप्पट जाडीचा नियम सगळ्यांना पाठ आहे. कुपन १३ मिलिमीटर किंवा जास्त असेल आणि निदान तीन थरांत भरलं असेल तर वरची मर्यादाच उठते, हेही पाठ आहे. माना डोलतात. बीडच्या भाऊंचीही.

सर प्रत्येक बॅचला हे कार्ड मुद्दाम चुकीचं भरतात.

(दृश्य: मागच्या बाकावरून वर गेलेला हात.)

हात उदगीरच्या मुलीचा. "सर, टिगने तर तीनच मिलिमीटर भरलं होतं."

"मग?"

"मग टिगचं सहापर्यंतच येईल ना. आणि आर्कचं आठ भरलं, त्याचं सोळा. बावीस कुणाचंच नाही."

दोन प्रोसेस वापरल्या तर ज्या प्रोसेसने जेवढी जाडी भरली, तेवढ्याचाच हिशोब तिच्या नावावर. टिगच्या रकान्यात २२ बघून कुणी याच माणसाला दहा मिलिमीटरचा जोड पूर्ण टिगने करायला दिला असता तर कार्डावर सगळं बरोबर दिसलं असतं आणि त्याची ती परीक्षा कधी झालेलीच नसती.

सरांनी खडू तिच्यापुढे धरला.

(दृश्य: ती २२ वर आडवी रेघ मारते, शेजारी ६ आणि १६ लिहिते. पहिल्या बाकावर भाऊ वरच्या खिशातून जुनं, लॅमिनेट केलेलं कार्ड काढतात आणि उजेडाकडे धरून वाचायला लागतात. आवाज बंद. श्रेयनामावली.)