सोलापूर लागतंय की!

(सोलापुरातल्या एका ट्रेकिंग ग्रुपच्या बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वक्ते निवृत्त रेडिओ-टीव्ही मेकॅनिक आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पंख्याचा आवाज होतोय म्हणून पंखा बंद करू नका, मी मोठ्यानं बोलतो. एप्रिल महिन्यात सोलापूरकरांना पंख्याशिवाय बसवून बर्फावरचं व्याख्यान ऐकवायचं, एवढा मी निर्दय नाही.

विषय फळ्यावर आहेच: ‘जुना अ‍ॅव्हलांच ट्रान्सीव्हर घ्यावा का?’ त्याच्याखाली कुणीतरी ‘बर्फाचा गोळा मिळेल’ असं लिहिलंय. राहू द्या, लेखकाचा शोध नंतर घेऊ. ट्रान्सीव्हर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. रेडिओचा छोटा डबा, छातीला बांधायचा, सेंडवर म्हणजे सिग्नल पाठवत ठेवून चालायचं, हिमस्खलनात सोबती गाडला गेला की बाकीच्यांनी सर्चवर म्हणजे ऐकण्यावर टाकून त्याला शोधायचं. तुमच्यातले निम्मे उत्तरकाशी नाहीतर मनालीचा गिर्यारोहणाचा कोर्स करून आलेत. मी मात्र रायगडसुद्धा रोप-वेनं चढलेला माणूस आहे. मग मला इथं का उभं केलं? तर आपल्या दोन पोरांनी ही टेबलावरची दोन यंत्रं ऑनलाइन कुणाकडून तरी घेतली, दोन्ही मिळून नऊ हजारांना, आणि माझ्याकडे आणली. “काका, जरा बघून द्या.” नवं एक यंत्र युरोपात तीनशे-चारशे युरोला मिळतं, इथं येईपर्यंत तीस-चाळीस हजार होतात. त्यामुळे पोरांना मी नावं ठेवत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा ह्या शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं, मृत आणि बेपत्ता मिळून २९ जण गेले. तेव्हापासून घरचे विचारतात, अंगावर काय बांधून जातोस? आणि खिशात तर नऊ हजारच असतात.

दुसरं असं, की हे यंत्र जगभर ४५७ किलोहर्ट्झवर बोलतं. आणि आम्हा रेडिओवाल्यांची हयात ४५५ किलोहर्ट्झवर गेली. एएम रेडिओतल्या त्या पत्र्याच्या चौकोनी डब्या आठवतात? आयएफटी, म्हणजे इंटरमीजिएट फ्रीक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर. कुठलंही स्टेशन लावा, आत शिरलं की त्याचं ४५५ करूनच पुढं पाठवायचं. पोरांनी ४५७ म्हटल्याबरोबर मी म्हटलं, आणा इकडं, हे आपल्याच गल्लीतलं प्रकरण आहे. (हशा)

आता एक गोष्ट सांगतो. संयोजक घड्याळ बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

नवी पेठेत माझं दुकान होतं तेव्हा एक गिऱ्हाईक यायचं. नाव सांगत नाही, त्यांचे दोन नातेवाईक समोरच बसलेत. एक दिवस ट्रान्झिस्टर घेऊन आले. म्हणाले, व्हॉल्यूमचं बटण तेवढं बसवून द्या, कपाटावरून पडलाय. मी मागचं झाकण उघडलं. आत फेराइटची कांडी असते, काळी, खडूपेक्षा थोडी जाड, तिच्यावर तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली. मिडियम वेव्हचा अँटेना म्हणजे तीच. ती मधोमध मोडलेली, आणि ह्यांनी घरीच कसल्याशा गोंदानं चिकटवलेली. गोंदाचा ओघळ पार तारेवर आलेला. मी म्हटलं, बटणाचं राहू द्या, आधी कांडी बदलू. तर ते म्हणाले, “कशाला? वाजलालंय की ओ!” आणि माझ्याच काउंटरवर आकाशवाणी सोलापूर लावून दाखवलं. खणखणीत! आजूबाजूचे दुकानदार बघायला आले. “बघा, सोलापूर लागतंय की!”

मी म्हटलं, धारवाड लावा.

लांबचं धारवाड काही लागेना. नुसती खरखर. आता ह्यांच्या घरी बोलणं कन्नड. आईंना रोज धारवाडची गाणी लागायची. आणि महिनाभर त्या माउली सांगत होत्या, रेडिओ बिघडलाय रे. हे म्हणायचे, रेडिओ ठणठणीत आहे, सोलापूर लागतंय की! शेवटी ह्यांनी काय करावं? आईंना कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. (हशा) डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. फी घेतली ती घेतलीच. त्या फीमध्ये मी चार कांड्या बदलून दिल्या असत्या, वर बटण फुकट.

हसा, पण हा रोग एकट्या त्यांचा नाही. चाळीस वर्षं काउंटरपलीकडून मी हेच ऐकलं. दिवा लागतोय म्हणजे चालू आहे. मिक्सर फिरतोय म्हणजे बरा आहे. वाजतंय म्हणजे चालतंय. जुन्या मालाचा अख्खा धंदा ह्या एका वाक्यावर चालतो. आणि विकणाऱ्यानं ह्या दोन यंत्रांचा व्हिडिओ पाठवला तोही तसलाच. दोन्ही यंत्रं सतरंजीवर हातभर अंतरावर, एक सेंडवर, एक सर्चवर, आणि पिप-पिप-पिप. म्हणजे सोलापूर लागतंय!

ह्या यंत्रांतही फेराइटच्याच कांड्या आहेत. जुन्या अ‍ॅनालॉगमध्ये, म्हणजे नुसत्या पिपांच्या आवाजावरून शोधायच्या यंत्रांत, एक, नंतर दोन, आताच्या चांगल्या यंत्रांत तीन, एकमेकींशी काटकोनात. फेराइट ठिसूळ असतं. यंत्र दगडावर आपटलं तर बाहेर ओरखडा नसतो आणि आत कांडी तडकलेली असते. तडकलेली कांडी जवळून उत्तम ऐकते आणि जवळून ऐकू जाईल असं बोलते. उणीव कळते ती लांबून.

आणि लांबूनसुद्धा फसवते, ती कशी ते ऐका. ४५७ किलोहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेसहाशे मीटर. आपण शोधतो पन्नास मीटरच्या आत. इतक्या जवळ रेडिओ लहरीचा हिशोब लागू होत नाही, चुंबकीय क्षेत्राचा लागतो, आणि ते क्षेत्र अंतराच्या घनानं घटतं. अंतर दुप्पट, तर ताकद एक अष्टमांश. आता हेच उलटं करा. यंत्राची सेंड करायची ताकद निम्मी झाली, तर पल्ला निम्मा होत नाही. चाळीस मीटरचा बत्तीसच्या आसपास येतो. पोरं म्हणतात, आठ मीटरचं काय एवढं! अरे, ते आठ मीटर नाहीत, अर्धं यंत्र गेलंय ते. चाळीसचे तीस झाले असतील तर निम्म्याहून जास्त गेलंय. म्हणून पल्ल्यातली थोडी घट दिसली तरी ती थोडी समजायची नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. हॉलच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना जेवायचंय. बरं.

मुख्य मुद्दा सांगायचा राहिला तो आता पळत सांगतो. यंत्राचे दोन धंदे आहेत, ऐकणं आणि बोलणं. ऐकणं तुम्ही स्वतः तपासू शकता. बोलणं तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही, आणि तुम्ही बर्फाखाली असाल तेव्हा तेवढंच तुमच्या उपयोगाचं आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात, पस्तीस मिनिटं झाली की तीनच. म्हणून यंत्राचं बोलणं परक्याच्या कानानं तपासायचं, आणि परका म्हणजे दुसऱ्या कंपनीचं, नवं यंत्र. कारण वय झालं की फ्रीक्वेन्सी सरकते. मानकाप्रमाणे सूट ८० हर्ट्झ इकडं किंवा तिकडं, बस्स. जुनी अ‍ॅनालॉग यंत्रं ढिल्या कानाची, सरकलेलंही ऐकून घेतात. नव्यांचा फिल्टर अरुंद, त्यांना ते कमी अंतरावरूनच ऐकू येतं. एकाच भजनी मंडळातले दोघं बरोबरीनं बेसूर झाले की एकमेकांना सुरातच वाटतात. तेव्हा विकणाऱ्याच्या जोडीतल्या एकाची साक्ष दुसऱ्यासाठी धरू नका.

गेल्या रविवारी होम मैदानावर आम्ही हेच केलं. पुण्याहून एक मित्र दोन वेगळ्या कंपन्यांची नवी यंत्रं घेऊन आला होता. ती दोघं एकमेकांना चाळीस मीटरवर ऐकत होती, ते आमचं माप. पद्धत सोपी: जुनं सेंडवर जमिनीवर ठेवा, फोन खिशातून काढून लांब ठेवा, दुरून चालत या, पहिला पक्का सिग्नल कुठं येतो तिथं चप्पल ठेवा. मग जुनं यंत्र आडवं, उभं, तिरकं फिरवून पुन्हा. मग उलट, जुनं सर्चवर. एका बाजूलाच पल्ला ढासळला तर एखादी कांडी गेली. विजेच्या तारांखाली करू नका, यंत्र वेड्यासारखं वागतं.

उरलेलं भराभर. बॅटरीचं झाकण उघडून पितळी पट्ट्या बघा. पांढरी भुकटी किंवा हिरवट डाग म्हणजे सेल गळलेत. विकणाऱ्यानं घासून पुसलं असेल, म्हणून स्प्रिंगच्या मुळाशी टॉर्च मारा. कंपनी सांगेल तेच सेल घाला. कंपनीनं सांगितलं नसेल तर रिचार्जेबल नकोत, त्यांच्यात चार्ज किती उरलाय ते यंत्राला नीट वाचता येत नाही. सेंड-सर्चचा खटका ढिला असेल तर घेऊच नका. काही मॉडेलं खटका आपोआप सरकतो म्हणून कंपन्यांनी परत बोलावली होती, तेव्हा मॉडेल आणि सिरीयल नंबर कंपनीच्या रिकॉल यादीत तपासा. सॉफ्टवेअर जुनं असेल तर अपडेट करून घ्या. दहाएक वर्षं झालेलं यंत्र निवृत्त समजा. एका कांडीचं अ‍ॅनालॉग कितीही स्वस्त मिळालं तरी बर्फावर न्यायचं नाही. त्यातली काही दोन पिपांच्या मधेही गुणगुणत राहतात, आणि दोघं-तिघं गाडले गेले असतील तर शोधणाऱ्याचं नवं यंत्र गोंधळतं. फोन यंत्रापासून निदान किती लांब हवा, ते पाठ आहे ना? सेंडवर असताना वीस सेंटिमीटर, सर्चवर पन्नास. स्मार्टवॉचही त्यात आलं.

आता ही दोन. डावीकडचं जुनं, दोन कांड्यांचं. उजवीकडच्यानं त्याला अडतीस मीटरवर ऐकलं, व्हिडिओतही तेच जोडीदार होते. पुण्याच्या दोन्ही यंत्रांनी मात्र पंचवीसच्या आत आल्यावर ऐकलं. म्हणजे चाळीसच्या मानानं पाव ताकदही उरलेली नाही, निदान परक्या कानासाठी. ते सरावाला. पिशवीत घालून सीना नदीच्या वाळूत पुरा आणि शोधा, पण पाठीवर लाल पट्टी मारा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ‘चालतंय की’ म्हणून मनालीला नेईल. उजवीकडचं तीन कांड्यांचं, पाच-सहा वर्षांचं. ते दोन्ही परक्यांनी छत्तीस-अडतीसला ऐकलं, तिन्ही बाजूंनी. रिकॉल यादीत नाही, पट्ट्या स्वच्छ आहेत. हे चालेल. पण घेणाऱ्यानं एकट्यानं ‘चालेल’ म्हणायचं नाही. ते सर्चवर असेल तेव्हा जीव सोबत्याचा टांगणीला असतो, तेव्हा ज्यांच्याबरोबर जाणार त्यांनी आपापल्या यंत्रावर तपासून होकार द्यायचा, आणि दर मोसमाच्या सुरुवातीला पुन्हा.

येत्या रविवारी सकाळी सहाला होम मैदान, उन्हं तापायच्या आत. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी आणा, सेल नवे घालून. आता प्रश्न विचारा. हो, तुम्ही, मागचे... नाही हो, त्या रेडिओची कांडी मी बदलली का, हा प्रश्न नंतर. ट्रान्सीव्हरवरचा विचारा.