सहाव्या दिवशी उच्चारलेला शब्द

नमस्कार. मी नागपुरातून बोलते आहे. दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की आपल्याकडे सिव्हिल लाईन्सचे रस्ते अडवले जातात, विधान भवनाच्या दिशेने मोर्चे निघतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे म्हणणे एवढेच असते की सभागृहाने आमच्या बाजूने एक ठराव करावा. ठरावाने लगेच काही बदलत नाही, हे मोर्चात चालणाऱ्या माणसालाही ठाऊक असते. तरीही आपल्यावर जे गुदरले ते राज्याच्या कागदावर यावे, असे त्याला मनापासून वाटते. आज मी अशाच एका ठरावाविषयी बोलणार आहे. तो नागपूरचा नाही, दिल्लीचा आहे, आणि त्याची तारीख आहे 31 मार्च 1971.

आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान किंवा पूर्व बंगाल होता. 25 मार्च 1971 च्या रात्री तिथली बंगाली चळवळ चिरडण्यासाठी पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात ‘ऑपरेशन सर्चलाइट’ ही मोहीम सुरू केली. ढाका विद्यापीठातील हिंदू विद्यार्थ्यांचे वसतिगृह असलेल्या जगन्नाथ हॉलमध्ये त्या रात्री विद्यार्थी आणि प्राध्यापक मारले गेले. त्यानंतर सहाव्या दिवशी भारतीय संसदेने पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मांडलेला ठराव एकमताने संमत केला. पूर्व बंगालमधील लोकांचा जो पद्धतशीर संहार चालला आहे तो वंशसंहारच ठरतो, आणि तो तत्काळ थांबवण्यासाठी जगातील जनतेने व सरकारांनी पाकिस्तानला भाग पाडावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ज्या शब्दाच्या मान्यतेसाठी बांगलादेशातील लोक आजही देशोदेशी दारे ठोठावत आहेत, तो शब्द आपल्या संसदेने घटना घडत असतानाच उच्चारला होता.

या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळा वाद त्याच्याभोवती आहे. आपली वर्तमानपत्रे कोणत्याही मोठ्या हत्याकांडाला सरसकट नरसंहार म्हणतात. बंगालीतला ‘गणहत्या’ हा शब्दही तितकाच सैल आहे. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने 1944 मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला, तेव्हा त्याच्या मनात मृतांची संख्या नव्हती. एखादा समूह, समूह म्हणूनच, पृथ्वीवरून पुसून टाकण्याचा प्रयत्न, असा त्याचा अर्थ होता. 9 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या करारात हीच कल्पना कायद्याच्या भाषेत आली: राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. राजकीय समूहांना त्यात जागा नाही. म्हणून मी ‘वंशसंहार’ हा शब्द वापरते आहे. तोही पुरेसा नेमका नाही, पण हेतूकडे बोट दाखवणारा आहे.

हेतू हाच कळीचा मुद्दा असल्यामुळे बांगलादेशाच्या बाबतीत आकड्यांवर जो अखंड वाद चालतो, तो मला चुकीच्या जागी चाललेला वाटतो. बांगलादेश सरकार तीस लाख मृत्यू सांगत आले आहे. 1971 च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या पाकिस्तानच्या हमुदुर रहमान आयोगासमोर सैन्याने सुमारे 26 हजार हा आकडा ठेवला. संशोधकांचे अंदाज या दोन टोकांच्या मधे विखुरलेले आहेत. परंतु 1995 मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे सुमारे आठ हजार बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, पुरुष व मुलगे मारले गेले आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी त्याला वंशसंहार ठरवले. तेव्हा आकडा लहान केल्याने गुन्ह्याचे नाव बदलत नाही, आणि आकडा फुगवल्याने हेतू सिद्ध होत नाही. अवघड प्रश्न दुसराच आहे. मारले गेलेले लोक शेख मुजीब यांच्या अवामी लीग पक्षाचे समर्थक म्हणून मारले गेले, बंगाली म्हणून, की हिंदू म्हणून? इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स या संस्थेने 1972 च्या अहवालात याचे काळजीपूर्वक उत्तर दिले: पूर्व बंगालमधील हिंदूंच्या बाबतीत वंशसंहाराचा सकृद्दर्शनी भक्कम पुरावा आहे, संपूर्ण बंगाली समाजाविषयी मात्र त्या कायदेपंडितांनी तितक्या ठामपणे बोलण्याचे टाळले. ही सावधगिरी मला आदरणीय वाटते, कारण तिच्यामुळे जे सिद्ध होते ते अधिक पक्के उभे राहते.

मग आपण उच्चारलेला शब्द पुढे गेला कुठे? डिसेंबर 1971 मध्ये सुमारे 93 हजार पाकिस्तानी युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले आणि त्यांतील 195 जणांवर खटले चालवण्याचे बांगलादेशाने ठरवले. मे 1973 मध्ये पाकिस्तान भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे होते की वंशसंहार कराराप्रमाणे या 195 जणांवर खटले चालवण्याचा अधिकार फक्त पाकिस्तानचा आहे. भारताने 1959 मध्ये हा करार मंजूर केला होता खरा, पण आपल्या संमतीशिवाय वाद त्या न्यायालयात नेता येणार नाही अशी अट घालून. भारत सुनावणीला हजर राहिला नाही, वाटाघाटी सुरू झाल्या आणि डिसेंबरमध्ये पाकिस्तानने दावा मागे घेतला.

त्याच काळात नवजात बांगलादेशाला संयुक्त राष्ट्रांत शिरायचे होते आणि 1972 मध्ये चीनने नकाराधिकार वापरून ते दार लावून घेतले होते. फेब्रुवारी 1974 मध्ये पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली. 9 एप्रिल 1974 रोजी दिल्लीत तिन्ही देशांनी करार केला आणि बांगलादेशाने क्षमाशीलतेची भूमिका घेऊन 195 जणांचे खटले सोडून दिले. सप्टेंबरमध्ये तो देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. एका मान्यतेसाठी दुसरी मान्यता सोडावी लागली, असे मी याचे वाचन करते. बांगलादेशाचे पंतप्रधान शेख मुजीब यांच्यासमोर उद्ध्वस्त देश होता आणि पाकिस्तानात अडकलेले लाखो बंगाली होते. म्हणून मला त्यांना दोष देववत नाही.

अमेरिकेचे वागणे मात्र वेगळ्या जातीचे होते. ढाक्यातील तिचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी मार्चअखेरच वॉशिंग्टनला पाठवलेल्या तारेचा विषय ‘निवडक वंशसंहार’ असा लिहिला होता, आणि 6 एप्रिलच्या निषेधाच्या तारेवर वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. परंतु राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना चीनशी गुप्त संपर्कासाठी पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान हवे होते. ब्लड यांची ढाक्यातून बदली झाली. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात 1971 ला वंशसंहार म्हणणारा ठराव मांडला गेला. तो संमत झाला नाही. आर्मेनियन लोकांनी हीच वाट त्याआधी तुडवली आहे. 1915 मध्ये ऑटोमन तुर्की साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या संहाराला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 1981 मध्ये वंशसंहार म्हटले, मग तुर्कस्तानसारखा लष्करी मित्र दुखावू नये म्हणून पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी तो शब्द टाळला, आणि बायडेन यांनी तो 24 एप्रिल 2021 रोजी पुन्हा उच्चारला. जर्मन संसदेने 2016 मध्ये ठराव केला तेव्हा तुर्कस्तानने आपला राजदूत माघारी बोलावला.

आपले सरकार या शब्दाबाबत जपून का बोलते, तेही सांगायला हवे. एप्रिल 2017 मध्ये कॅनडातील ऑन्टारिओच्या विधिमंडळाने 1984 च्या शीखविरोधी हिंसेला वंशसंहार म्हणणारा ठराव केला आणि भारताने तो फेटाळला. पुढच्याच वर्षी, 1984 च्याच एका खटल्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदवले की वंशसंहार हा गुन्हा आपल्या देशांतर्गत फौजदारी कायद्यात नाहीच. करार मंजूर होऊन सहा दशके उलटली आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही तो आलेला नाही. दुसऱ्याच्या इतिहासाला नाव देणाऱ्या देशाला स्वतःच्या इतिहासाविषयीचे प्रश्न ऐकावे लागतात, आणि माझ्या मते ते ऐकायची तयारी ठेवूनच बोलले पाहिजे.

विदर्भाला 1971 दूरचे वाटायचे कारण नाही. नागपूरहून चंद्रपूरमार्गे आष्टीकडे गेलात आणि पुढे मुलचेऱ्याला वळलात, तर घराघरांत बंगाली बोलणारी गावे लागतात. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तान सोडून आलेल्या कुटुंबांना सरकारने तिथे जमिनी देऊन वसवले. ती माणसे बहुतेक 1971 च्या आधीच निघाली होती, पण त्यांचे मागे राहिलेले नातलग त्या वर्षी सीमा ओलांडून आलेल्या जवळपास एक कोटी निर्वासितांत होते, किंवा ते कधी पोहोचलेच नाहीत.

बांगलादेशाच्या संसदेने 2017 मध्ये 25 मार्च हा गणहत्या दिवस ठरवला. आपल्या संसदेला नवा शब्द शोधायचा नाही. 31 मार्च 1971 चा ठराव कामकाजाच्या नोंदीत आहे. येत्या अधिवेशनापूर्वी तुमच्या खासदारांना पत्र लिहा, त्या ठरावाची तारीख त्यात घाला, आणि सरकार आजही त्या वाक्यावर ठाम आहे का, असा लेखी प्रश्न सभागृहात विचारण्याची विनंती करा. मी माझे पत्र या आठवड्यात पाठवते आहे; उत्तर आले की ते इथेच वाचून दाखवीन.