सॅलिंजरचं घर कुठंय?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचं राज्य आहे. तिथल्या कॉर्निश या खेड्यात कोणी परका माणूस गाडी थांबवून ‘सॅलिंजरचं घर कुठंय?’ असं विचारू लागला, की गावकरी त्याला रस्ता सांगायचे. चुकीचा. विचारणाऱ्याचा तोरा जेवढा मोठा, तेवढा त्याला पडणारा वळसाही मोठा.

जे. डी. सॅलिंजर म्हणजे ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीचा लेखक. १९५१ साली ती आली आणि तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. शाळेतून काढून टाकलेला होल्डन कोलफिल्ड नावाचा पोरगा न्यूयॉर्कभर भटकतो आणि मोठ्यांच्या ढोंगावर चरफडतो, एवढीच गोष्ट. हा होल्डन एके ठिकाणी म्हणतो, की पुस्तक वाचून संपल्यावर असं वाटायला हवं, याचा लेखक आपला जिगरी दोस्त असावा आणि मनात येईल तेव्हा त्याला फोन करता यावा. वाचकांनी ते फारच मनावर घेतलं. लेखकानं आधी वेष्टणावरचा आपला फोटो काढायला लावला आणि १९५३ मध्ये गाशा गुंडाळून कॉर्निश गाठलं.

तेव्हापासून तो माणूसघाणा म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. मला हा शब्द पटत नाही. कारण कॉर्निशमध्ये पहिले काही महिने त्याचं घर शाळकरी पोरापोरींनी भरलेलं असे. गाणी लावायची, खायचं, गप्पा ठोकायच्या. त्यातल्या एका मुलीनं शेजारच्या क्लेअरमाँट गावच्या दैनिकातल्या शाळेच्या पानासाठी मुलाखत मागितली आणि त्यानं ती आनंदानं दिली. पण छापून आली ती थेट संपादकीय पानावर. संपलं! पोरांसाठी दार बंद झालं आणि पुढे घराभोवती उंच कुंपण उभं राहिलं. एवढ्याशा कारणावरून एवढा राग? असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

पण या माणसाच्या मागे युद्ध होतं. ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यात तो होता. मग जर्मनीच्या सीमेवरच्या ह्युर्टगेनच्या जंगलातला तो भयंकर हिवाळा. तो हेरखात्यात होता, पकडलेल्या लोकांची चौकशी करणं हे त्याचं काम. शेवटी जर्मनीत डाखाऊच्या परिसरातली छळछावणीही त्यानं पाहिली. जळत्या मांसाचा वास नाकातून पुरता कधीच जात नाही, असं त्यानं पुढे आपल्या लेकीला सांगितलं होतं. लढाई संपल्यावर मन इतकं खचलं, की न्यूरेंबर्गच्या रुग्णालयात राहावं लागलं. होल्डनच्या कादंबरीची काही प्रकरणं मात्र या सगळ्या धुमाळीत त्याच्या सामानात होती.

मनाला थारा शोधताना तो वेदान्तापर्यंत आला. न्यूयॉर्कच्या रामकृष्ण-विवेकानंद केंद्रातल्या स्वामी निखिलानंदांशी त्याचा संबंध आला. त्याच्या ‘झुई’ या कथेत दोन भावांच्या खोलीच्या दारावर आवडती वचनं उतरवून ठेवलेली आहेत. त्यांत कोणतं वचन असावं? ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन.’ आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडून गुळगुळीत झालेली ओळ या माणसानं जगून पाहायची ठरवली. १९६५ च्या जूनमध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्याची एक लांबलचक कथा आली, त्यानंतर पंचेचाळीस वर्षं नवं काहीही नाही. लिहिणं मात्र चालूच होतं. १९७४ मध्ये त्याच्या जुन्या कथा कोणीतरी परस्पर छापल्या, तेव्हा त्यानं स्वतः ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदाराशी फोनवर बोलून सांगितलं, की कपाटातून आवडता कोट चोरीला जावा तसं मला वाटतंय. आणि हेही सांगितलं, की प्रसिद्ध न करण्यात विलक्षण शांतता आहे, मी लिहितो ते स्वतःसाठी, स्वतःच्या आनंदासाठी.

आता गंमत पाहा. फळावर हक्क नाही म्हणणारा हा माणूस फळाची राखण करायला कोर्टात जायचा! इयन हॅमिल्टन या चरित्रकारानं त्याच्या जुन्या पत्रांतले उतारे वापरले, तेव्हा सॅलिंजरनं खटला भरला आणि १९८७ मध्ये तो जिंकलाही. पण त्यासाठी त्याला आपली ७९ पत्रं सरकारी कॉपीराइट कार्यालयात नोंदवावी लागली, म्हणजे ती तिथं जाऊन कोणालाही वाचता येऊ लागली. शिवाय उलटतपासणीत तासन्‌तास वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली ती वेगळीच. एकाही पत्रकाराला कधी एवढा वेळ मिळाला नव्हता.

२७ जानेवारी २०१० रोजी तो गेला, वय ९१. त्याच्या मुलानं २०१९ मध्ये सांगितलं, की वडील अखेरपर्यंत लिहीत होते आणि ते सारं छापण्याच्या दृष्टीनं लावणं चालू आहे.

तो गेल्यावर गावकरी थोडे बोलू लागले. नदीपलीकडे, व्हरमाँट राज्यातल्या हार्टलँड गावी, चर्चमध्ये शनिवारी बारा डॉलरांत जेवण असे. जगानं माणूसघाणा ठरवलेला हा म्हातारा तिथं बराच आधी येऊन बसायचा. वहीत काहीतरी लिहीत राहायचा आणि जेवणाची वेळ झाली, की गोड पदार्थांच्या टेबलाजवळची जागा पकडायचा. गावात सगळे त्याला ‘जेरी’ म्हणत.