निखाऱ्यावरची मोचि : इमामिया देवळापुढचे हजार वर्षांचे दुकान

(दृश्य : सकाळ. दगडी फरसबंदीची आखूड वाट, टोकाला देवळाचा दरवाजा.)

क्योटो शहराच्या उत्तर भागात, मुरासाकिनो नावाच्या वस्तीत, इमामिया देवळाच्या पूर्व दरवाजाकडे जाणारी ही वाट पाहता पाहता संपते. तरीही तिच्यावर पाऊल ठेवताच चाल मंदावते, कारण दुकान दिसण्याआधी त्याचा वास येऊन भेटतो. कोरडे पीठ निखाऱ्याजवळ नेले की ते खमंग होऊन करपण्याच्या बेतात येते, तेव्हाचा हा वास आहे. वाटेच्या दोन्ही अंगांना दोन जुनी लाकडी घरे समोरासमोर उभी आहेत आणि दोन्ही घरांत एकच पदार्थ मिळतो. त्याचे नाव आबुरि मोचि, म्हणजे विस्तवावर शेकलेली मोचि; आणि मोचि म्हणजे चिकट तांदूळ वाफवून, कांडून केलेला गोळा. या शब्दातला शेवटचा इकार जपानी भाषेत ऱ्हस्व आहे, म्हणून या निवेदनात आपणही तो तसाच ठेवू.

दोन घरांपैकी एकाचे नाव काझारिया. ते एदो काळापासून, म्हणजे सुमारे चारशे वर्षे चालत आले आहे, आणि क्योटोमध्ये एवढ्या वयाच्या दुकानाला कोणी फार जुने म्हणत नाही. समोरच्या घराचे पूर्ण नाव इचिमोंजिया वासुके असे असून सगळे त्याला थोडक्यात 'इचिवा' म्हणतात. इचिवाची सुरुवात इ.स. 1000 मधली सांगितली जाते. अंबरनाथचे शिवमंदिर शिलालेखाप्रमाणे 1060 सालचे आहे, एवढे लक्षात घेतले की मराठी प्रेक्षकाला या आकड्याचे वजन कळेल. एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे दुकान चालवले आहे.

(दृश्य : दुकानाच्या दर्शनी भागातील शेगडी. हात, बांबूच्या काड्या, निखारे.)

काम चालते ते रस्त्याच्या बाजूलाच, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. तयार मोचीच्या गोळ्यातून अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा चिमटीने तोडला जातो, तो भाजलेल्या सोयाबीनच्या पिवळसर पिठात, म्हणजे 'किनाको'त घोळवला जातो आणि बांबूच्या बारीक काडीच्या टोकाला लावला जातो. अशा कितीतरी काड्या जमल्या की शेगडीजवळ बसलेली बाई त्यांचा झुपका मुठीत धरून निखाऱ्यांवर ओणवा करते. पीठ तडतडते, तुकडा किंचित फुगतो, त्याच्या कडेला तपकिरी आणि मग काळे ठिपके उमटतात, काड्यांची टोकेही काळवंडतात. नजर तिच्या मनगटावर ठेवावी. झुपका सतत फिरत असतो आणि कोणतीही एक काडी आचेवर जरुरीपेक्षा जास्त वेळ राहत नाही. ही शेगडी पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या स्त्रियांनी सांभाळली आहे, आणि तो सांभाळ म्हणजे काय हे त्या फिरत्या मनगटात दिसते.

शेकलेल्या काड्या ताटलीत मांडून त्यांच्यावर पांढऱ्या मिसोचा दाट, गोडसर रस सढळ हाताने ओततात. एका माणसाच्या ताटलीत दहाहून जास्त काड्या येतात आणि सोबत चहा येतो. बाहेरच्या बाकावर बसावे किंवा पादत्राणे काढून आतल्या तातामीच्या चटईवर बसावे. काय हवे असा प्रश्न कोणी विचारत नाही, किती जण आहात एवढेच विचारले जाते, कारण दुकानात दुसरा पदार्थच नाही.

पहिली काडी तोंडात गेली की आधी धूर लागतो, मग मिसोची गोडी, आणि तिच्या मागून येणारा अगदी हलका खारटपणा. मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि बुरशीने आंबवलेला तांदूळ यांचे मुरवलेले मिश्रण. लाल मिसोत मीठ साधारण 12 टक्के असते आणि तो अनेक महिने मुरवतात. क्योटोच्या पांढऱ्या मिसोत मात्र आंबवलेल्या तांदळाचे प्रमाण सोयाबीनच्या दुपटीच्या आसपास असते, मीठ 5 टक्क्यांच्या जवळपास असते आणि मुरवण्याचा काळही थोडा असतो. तांदळातल्या स्टार्चची साखर होते, तीच ही गोडी. म्हणजे काडीवर तांदूळ आहे आणि वरच्या रसाची गोडीही तांदळातूनच उतरलेली आहे. मिठाई म्हटल्यावर साखरेच्या पाकाची अपेक्षा ठेवणाऱ्या जिभेला ही चव प्रथम फिकी वाटते. चौथ्या-पाचव्या काडीपर्यंत ती तिच्या जागी बसते, आणि मग ताटली केव्हा रिकामी झाली ते कळत नाही.

(दृश्य : भिजवलेला तांदूळ, वाफ, उखळ. जवळून.)

मोचीचे पीठ उकडीच्या मोदकाच्या पारीसारखे असावे, असा आपला समज होतो. पण उकड तांदळाच्या पिठीची असते, तर पारंपरिक मोचि अख्ख्या तांदळापासून होते, आणि तो तांदूळही वेगळा असतो. 'मोचिगोमे' नावाचा हा चिकट तांदूळ कच्चा असताना पांढुरका आणि अपारदर्शक दिसतो. स्टार्चचे दोन प्रकार असतात, ॲमायलोज आणि ॲमायलोपेक्टिन. जपानच्या रोजच्या भाताच्या स्टार्चमध्ये ॲमायलोज सुमारे पाचव्या हिश्श्याइतके असते, मोचिगोमेत ते जवळजवळ नसतेच. सगळा स्टार्च फांद्याफांद्यांच्या ॲमायलोपेक्टिनचा असल्यामुळे तो शिजल्यावर एकजीव होतो आणि ताणला तरी तुटत नाही.

हा तांदूळ रात्रभर भिजवून लाकडी पेटीत वाफवतात आणि गरम असतानाच उखळात घालून कांडतात. उखळ दगडाचे किंवा लाकडाचे असते. मुसळ मात्र आपल्यासारखे उभे नसून मोठ्या हातोड्यासारखे, लांब दांड्याचे असते. एक जण घाव घालतो आणि दोन घावांच्या मधल्या क्षणी दुसरा ओल्या हाताने गोळा उलटतो. दोघांनी एकमेकांचा श्वास ओळखला नाही तर बोटे चिरडतील. वर्षअखेरीस नव्या वर्षाची मोचि कांडण्यासाठी शेजारीपाजारी एकत्र येतात, तेव्हा घाव आणि उलटणे यांचा ठेका सांभाळायला भोवतालचे लोक आवाज देतात.

कांडलेली मोचि रेशमासारखी मऊ असते, पण तो मऊपणा टिकत नाही. गार होता होता स्टार्चच्या फांद्या पुन्हा एकमेकींजवळ सरकतात, पाणी बाहेर पडते आणि गोळा घट्ट होतो. आत बीन्सचे गोड सारण भरलेली दाइफुकु अनेक ठिकाणी दोन दिवस मऊ राहते, कारण तिच्या पारीत साखर मिसळलेली असते आणि साखर पाणी धरून ठेवते. इचिवाच्या काडीवरच्या तुकड्याला असा आधार नाही. बांधून नेण्याची सोय आहे, पण घरी पोहोचेपर्यंत ती गोष्ट निराळी झालेली असते. या पदार्थाची खरी जागा शेगडीपासून आठ-दहा पावलांच्या आत आहे, असे माझे मत इथे बसून पक्के झाले.

(दृश्य : देवळाचे आवार. झाडे, लाल खांब.)

दुकान इथेच का, याचे उत्तर देवळात मिळते. इ.स. 994 मध्ये तेव्हाच्या राजधानीत, म्हणजे क्योटोत, रोगाची मोठी साथ पसरली. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे साथ ही कोपलेल्या शक्तींची करणी होती, म्हणून जवळच्या फुनाओका टेकडीवर पालखी नेऊन त्या शक्तींना शांत करण्याचा उत्सव झाला. पुढे पुन्हा साथ आली आणि 1001 मध्ये मुरासाकिनोत साथीच्या या दैवताची कायमची स्थापना झाली. तेच हे इमामिया देऊळ. दुकान आणि देऊळ अशा रीतीने एकाच संकटाच्या काळातले आहेत. देवापुढे मोचि ठेवायची, ती बांबूच्या काडीवर शेकून प्रसाद म्हणून खायची, म्हणजे वर्षभर आजार जवळ येत नाही, अशी श्रद्धा रुजली. ती आजही बोलून दाखवली जाते. ताटलीसमोर बसलेली आई मुलाला शेवटची काडी संपवायला सांगते, तेव्हा त्या आग्रहात ही श्रद्धा असते.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी इथे 'यासुराइ' उत्सव होतो. वसंतात फुले गळू लागली की पाकळ्यांबरोबर रोगाची दैवतेही चहूकडे विखुरतात, अशी जुनी कल्पना. म्हणून लाल आणि काळ्या लांब केसांचे टोप घातलेले नर्तक ढोल आणि झांजांच्या तालावर उड्या घेत वस्तीतून फिरतात आणि त्या शक्तींना फुलांनी सजवलेल्या मोठ्या छत्रीखाली बोलावून घेतात. लोक घटकाभर त्या छत्रीखाली जाऊन उभे राहतात. आज्या नातवंडांना कडेवर घेऊन रांग लावतात. जपानच्या अशा अनेक लोकनृत्यांना युनेस्कोने 2022 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत एकत्र स्थान दिले, त्यांत या उत्सवाचाही समावेश आहे. उत्सवाच्या दिवशी दोन्ही दुकानांपुढच्या बाकांवर तीळ ठेवायलाही जागा उरत नाही.

दुकान सुरू झाले त्या काळात हा खाऊ आजच्या अर्थाने मिठाई नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवे. नारा येथील तोदाइजी या बौद्ध मंदिराला 756 मध्ये अर्पण केलेल्या औषधांच्या यादीत उसाच्या साखरेची नोंद आहे. साखर तेव्हा औषध होती आणि ती समुद्रापलीकडून येत असे. सामान्य माणसाच्या जिभेला ती लागायला अनेक शतके गेली. मोचि मात्र होती, कारण तांदूळ होता, आणि तांदळाचे सार कांडून एका गोळ्यात आणणे हेच मोठे अप्रूप होते. पंधराव्या शतकातील ओनिन युद्धात क्योटो जळाले, पुढे दुष्काळही आले. अशा वेळी या दुकानाने भुकेल्यांना मोचि वाटली, असे इथे सांगतात.

(दृश्य : दुकानाचा आतला भाग. काही पायऱ्या खाली, विहीर.)

दुकानात खाली एक जुनी विहीर आहे. पूर्वी तांदळासाठी तिचेच पाणी वापरत. आताच्या आरोग्य नियमांमुळे ते थांबले आहे. मोचि कांडायला आतल्या बाजूला एक यंत्र आले आहे, त्यामुळे रोज सकाळचे काही तास वाचतात. तिसरा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. कित्येक शतके इथे दर ठरलेला नव्हता. खाणाऱ्याने आपल्या मनाला योग्य वाटेल तेवढे ठेवायचे आणि जायचे. ताटलीला ठरावीक किंमत लागली ती अलीकडच्या काळात. हजारातली बहुतेक वर्षे हा व्यवहार येणाऱ्याच्या सदसद्विवेकावर चालला आणि त्यावर एक घर जगले, हे ऐकताना मन थांबते.

2020 मध्ये करोनाच्या साथीने जगभरची दुकाने बंद पडू लागली, तेव्हा अमेरिकेच्या एका मोठ्या वृत्तपत्राने या दुकानाची हकिगत छापली. घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या एका कंपनीचा प्रस्ताव दुकानाने नाकारल्याचे तिथे नमूद आहे. साथीपासून रक्षण मागताना जन्मलेल्या दुकानाने साथीच्या काळातही शेगडी सोडून पदार्थ दूर पाठवला नाही. यात हट्ट आहे असे कोणी म्हणेल. मला त्यात घेतलेल्या कामाची अचूक समज दिसते. शाखा काढायच्या नाहीत, पदार्थ वाढवायचे नाहीत, देवळात आलेल्या माणसाला बसायला जागा, चहा आणि गरम मोचि द्यायची, एवढेच ते काम आहे.

एकाच पदार्थावर दीर्घकाळ उभी असलेली मोचीची दुकाने जपानमध्ये इतरत्रही आहेत. इसे येथील मोठ्या देवळाजवळ 1707 पासून चालणाऱ्या आकाफुकुची मोचि प्रसिद्ध आहे. तिथे मोचीवर बीन्सचे सारण असते आणि त्यावर बोटांनी उमटवलेल्या रेघा इसुझु नदीचा प्रवाह दाखवतात. क्योटोतच 1899 चे देमाचि फुताबा आहे, जिथे खारवलेल्या काळपट दाण्यांच्या मोचीसाठी रस्त्यावर रांग लागते. ती दोन्ही नावे मोठी आहेत आणि त्यांची मिठाई लोक गावोगाव नेतात. इमामियाच्या वाटेवर मात्र माणसालाच यावे लागते.

(दृश्य : दुपार. बाकावर एक वृद्ध जोडपे, एकच ताटली.)

मोचि खाताना घाई करू नये, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. तिचा चिकटपणा वृद्धांच्या घशात अडकू शकतो, आणि दर नववर्षाला टोकियोचे अग्निशमन दल लहान तुकडे करून सावकाश चावून खाण्याची सूचना देते. इचिवाचा तुकडा मुळातच पेराएवढा. समोरचे आजोबा एक काडी तोंडात धरतात, तुकडा ओढून घेतात, बराच वेळ चावतात, चहाचा घोट घेतात आणि मगच पुढची काडी उचलतात. आजी रिकाम्या काड्या ताटलीच्या कडेला एका दिशेने ओळीत लावून ठेवतात.

काझारियाची की इचिवाची मोचि चांगली, यावर आसपासच्या घरांत मते वाटलेली असतात आणि ती वारशाने चालत येतात. दोन्ही शेगड्यांजवळून येणाऱ्याला 'या, बसा' असे म्हणतात. कोणत्या बाजूला वळायचे ते त्याने ठरवायचे. रसाच्या चवीत फरक आहे, तो सांगून कळणारा नाही. आम्ही दोन्हीकडे बसलो. वेळ साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि एरवी बुधवारी दोन्ही घरे बंद असतात. ती तारीख 1 किंवा 15 आली, किंवा सणाची सुट्टी असली, तर मात्र शेगडी पेटते, कारण त्या दिवशी देवळात माणसे येतात.

(दृश्य : संध्याकाळ. शेगडी विझत आहे, वाट रिकामी.)

पाच वाजायला आले आहेत. शेवटची ताटली देवळातून परतणाऱ्या एका बाईपुढे ठेवली गेली आहे, आणि तिची वाट पाहत मुलगा दरवाजाच्या उंबऱ्यावर उभा आहे. ती त्याला हाक मारते. तो धावत येतो, बाकावर चढून बसतो आणि ताटलीतली सर्वांत जास्त करपलेली काडी उचलतो.