रात्री दोनची फेरी

[पडदा काळा. रातकिडे. मग एक बारीक बीप. शांतता. पुन्हा तोच बीप.]

हा आवाज नेमका कुणाचा, हे अंधारात ओळखायला मला तीन रात्री लागल्या.

केबिनमध्ये दहा मुलं. पाच दुमजली पलंग. आणि प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही चिकटवलेलं. कुणाच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर, कुणाच्या पोटावर इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाची नळी. रक्तातली साखर उतरली की यंत्र ओरडतं, चढली तरी ओरडतं, बॅटरी संपत आली तरी ओरडतं. पहिल्या रात्री मी भलत्याच पोराला उठवलं. त्यानं एक डोळा उघडला, वरच्या पलंगाकडे बोट दाखवलं आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

[दृश्य: सकाळ. तळं, पाइनची झाडं, लाकडी केबिनच्या कठड्यावर ओले टॉवेल.]

अमेरिकेच्या ईशान्य भागातलं हे एक उन्हाळी शिबिर. इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. मी न्यू जर्सीत राहतो, सॉफ्टवेअरचं काम करतो. ऑगस्टमध्ये आठवड्याची रजा टाकून इथे केबिन काउन्सेलर म्हणून आलो होतो. बिनपगारी. काउन्सेलर म्हटलं की आपल्याला समुपदेशक आठवतो. समुपदेशन मी आठवडाभरात फारसं केलं नाही. टॉवेल वाळत घातले, हरवलेले मोजे शोधले, वरच्या पलंगावर कोण झोपणार याचे तंटे मिटवले, आणि रात्री जागलो.

या फिल्ममध्ये मुलांचे चेहरे दिसणार नाहीत. शिबिराची तशी अट होती आणि ती योग्यच होती. तुम्हाला हात दिसतील, चिखलाचे पाय दिसतील, जेवणाची ताटं दिसतील. रात्रीचं चित्रण तर मी केलेलंच नाही. तिथे फक्त ऐका.

[दृश्य: हातात सुटकेस घेऊन उतरणारी मुलं, फक्त गुडघ्यापर्यंत.]

मी इथे का आलो, तर त्याची सुरुवात सांगलीत आहे. माझ्या बहिणीच्या मुलीला सातव्या वर्षी टाइप 1 निघाला. घरात पहिलं वाक्य पडलं ते "गोड फार खायची." दुसरं, "कुणाला सांगू नका, उद्या लग्न ठरवताना अडचण येईल." सात वर्षांची मुलगी! या आजाराचा गोड खाण्याशी काही संबंध नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, रोज, जन्मभर. हे सगळं मी फोनवर बहिणीच्या सासूबाईंना तावातावानं समजावत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण पोरीनं डबा खाल्ला नाही आणि सुई आधीच घेऊन झाली असली तर काय करायचं, ते सांगा." मला सांगता आलं नाही.

[दृश्य: लाल पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर मांडणारे हात.]

मुलं यायच्या आधी आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्याआधी पार्श्वभूमीची तपासणी, ओळखीच्या माणसांची पत्रं. कुठल्याही मोठ्या माणसानं एका मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, कायम दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात राहायचं. घरची आठवण काढून रडणाऱ्या मुलाला "उद्या आईला बोलावतो" असं सांगायचं नाही. एकदा सांगितलं की पोर आठवडाभर फाटकाकडे डोळे लावून बसतं. जवळ बसा, ऐका, आणि मग त्याला काहीतरी उचलायला लावा. पाण्याचा जग, बॉलची पिशवी, काहीही. पहिल्या संध्याकाळी मी तीन जग भरून आणवले.

आणि ही लाल पिशवी. ग्लुकोमीटर, पट्ट्या, ज्यूसचे छोटे खोके, ग्लुकोजच्या गोळ्या, आणि अगदी बेशुद्ध पडण्याची वेळ आली तर ग्लुकागॉन, म्हणजे साखर वर चढवणारं औषध. ही खांद्यावरून उतरवायची नाही. पोहायला नाही, शेकोटीला नाही. साखर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम झटकन चढणारी साखर द्यायची, 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. नियम इतकाच आहे. इन्सुलिनचे डोस ठरवणं हे डॉक्टर आणि नर्सचं काम, त्याला आम्ही हात लावायचा नाही. तेही बरेचसे आमच्यासारखेच रजा टाकून आलेले.

माझा जोडीदार काउन्सेलर एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजात शिकणारा, स्वतः टाइप 1, आणि लहानपणी याच शिबिरात येऊन गेलेला. प्रशिक्षणातलं अर्धं मी वहीत लिहून घेतलं. उरलेलं त्याच्याकडे बघून शिकलो. ज्यूसच्या खोक्यात स्ट्रॉ आधीच घालून ठेवायचा नाही, रात्रीत मुंग्या लागतात, हेसुद्धा.

[दृश्य: जेवणघर. टेबलावर छापील तक्ता. लहान बोटं त्यावर फिरताहेत.]

जेवणाआधी इथे बोटं टोचली जातात. दीडशे मुलं एकदम टोचून घेतात, तो आवाज पेनाचं बटण दाबल्यासारखा येतो. टक, टक, टक. मग तक्ता. पावाचा एक काप, 15 ग्रॅम कर्बोदकं. कपभर दूध, 12. पॅनकेक किती, त्यावरचा पाक किती. बेरीज करायची, त्यानुसार इन्सुलिन घ्यायचं, आणि मग जेवढं मोजलं तेवढं खायचं. माझं काम शेवटच्या टप्प्यावर. कुणी 60 ग्रॅमचं इन्सुलिन घेतलं आणि निम्मं ताट शेजाऱ्याकडे सरकवलं, तर तासाभरात त्याची साखर खाली येणार. सांगलीच्या सासूबाईंचा प्रश्न तो हाच. उत्तरही इथेच मिळालं: ताटातलं राहिलं तेवढ्या ग्रॅमचं दुसरं काहीतरी, दूध नाहीतर ज्यूस, तिथल्या तिथे पोटात गेलं पाहिजे. आणि रागवायचं नाही. रागावलं की पुढच्या वेळी मूल लपवतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना एकानं मला विचारलं, "तुझा पंप कुठे आहे?"

म्हटलं, मला पंप नाही.

"मग तू सुया घेतोस?"

नाही.

टेबल गप्प झालं. मग दुसरा एक जण, अगदी काळजीच्या सुरात, "म्हणजे तुझं ते आतल्या आत आपोआप चालतं?"

हो.

"तुला कळतं का ते चालू असलेलं?"

शाळेत ही मुलं वर्गातून उठून एकटीच नर्सच्या खोलीत जातात. इथे त्या टेबलावर विचित्र असा एकच माणूस होता, आणि सगळे त्याला समजून घेत होते.

[दृश्य: जुन्या काचेच्या सिरिंजचं छायाचित्र. परीक्षानळ्या.]

ही शिबिरं जवळजवळ इन्सुलिनइतकीच जुनी आहेत. टोरांटोत 1921 साली इन्सुलिन हाती लागलं आणि जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी या मुलांवर उपचार म्हणजे उपासमार. खाणं इतकं तोडायचं की जीव थोडा लांबावा. इन्सुलिन आलं आणि मुलं जगायला लागली. जगायला लागली म्हणजे उन्हाळ्यात झाडावर चढायचं, तळ्यात उड्या मारायच्या, हेही आलं. पण एवढी जोखीम कोण घेणार? 1925 मध्ये लेनर्ड वेंट या डॉक्टरांनी मिशिगनमध्ये मधुमेही मुलांचं शिबिर भरवलं. 1932 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावात मुलींचं शिबिर सुरू झालं, तेही अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन यांच्या जन्मस्थानी. त्यामागे डॉ. इलियट जॉसलिन होते. रोग्याला स्वतःच्या आजाराचं शिक्षण मिळालंच पाहिजे, असं जन्मभर सांगत राहिलेला माणूस.

तेव्हा बोट टोचून साखर कळत नव्हती. मुलं लघवी परीक्षानळीत घ्यायची, त्यात बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून उकळायची. निळं राहिलं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर साखर फार. सिरिंज काचेची, रोज उकळायची. सुया दगडावर घासून धार लावायची. आजचे पंप आणि सेन्सर बघितले की वाटतं काय ही प्रगती. पण रात्री दोन वाजता कुणीतरी उठायचं, हे कलम तेव्हाही असणार.

[पडदा पुन्हा काळा. लाकडी पायऱ्यांवर पावलं. दार करकरतं.]

आमच्या केबिनमध्ये एक मराठी मुलगा होता. नऊ वर्षांचा. माझं आडनाव ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुम्ही मराठी आहात?" इतरांदेखत तो मला सगळ्यांसारखा नावानंच हाक मारायचा. रांगेत मागे राहिला की "काका".

त्याला सोडायला आई आली होती. चार पानी टिपण घेऊन. पोळीचे ग्रॅम, वरणभाताचे ग्रॅम, आमरस असेल तर काय. घरी त्या कणकेचा गोळा वजनकाट्यावर ठेवतात, म्हणजे पोळी कमी-जास्त व्हायला नको. सेन्सरचे आकडे त्यांच्या फोनवर येतात. शिबिरानं ते आठवडाभर बंद करायला सांगितलं होतं.

"बंद म्हणजे अगदीच बंद?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो. मग त्या हळूच म्हणाल्या, "दोनला मी उठतेच. अलार्म लावत नाही आता. तीन वर्षं झाली."

तिसऱ्या रात्रीची ही गोष्ट. दुपारभर मुलं तळ्यात होती. स्नायू दमले की ते पुढे कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात, म्हणून पोहण्याच्या दिवसानंतरची रात्र नेहमी जड. शिबिरात आल्याबरोबर मुलांचं इन्सुलिन डॉक्टर थोडं कमी करतात ते याचसाठी. तरी आकडे उतरतातच.

दोन वाजता नर्स आली, टॉर्चवर बोटं धरून, म्हणजे उजेड फक्त चादरीवर पडावा. मी तिच्या मागून. या मुलांची एक सवय मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. टॉर्च जवळ आला की ती झोपेतच एक बोट पुढे करतात. डोळे उघडत नाहीत. पांघरुणातून बोट तेवढं बाहेर.

मराठी मुलाचं बोट बाहेर आलं. 58.

त्याला बसवला. मान सरळ राहत नव्हती, गळ्याशी घामानं केस चिकटले होते. स्ट्रॉ ओठाशी लावली तर तो तोंड फिरवायला लागला. इंग्रजीत समजावून झालं. मग तो पुटपुटला, "नको ना आई, दात घासलेत मी."

मी म्हटलं, "घासलेस रे राजा, उद्या परत घासू. दोन घोट घे."

त्यानं घेतले.

मग पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं किती मोठी असतात ते पलंगाशेजारी जमिनीवर बसल्याशिवाय कळत नाही. वर कुणीतरी दात खातंय. जाळीवर पतंग आपटतोय. त्याचा पाय माझ्या खांद्यावर येऊन पडला आणि मी तो हलवला नाही. 69. आणखी ज्यूस, आणखी पंधरा मिनिटं. 94. वरून दोन बिस्किटं, पीनट बटर लावलेली, म्हणजे पहाटेपर्यंत टिकेल. ती त्यानं चावली, गिळली, आडवा झाला. सकाळी त्याला यातलं काही आठवत नव्हतं.

न्यू जर्सीतल्या एका घरात त्या वेळी कुणीतरी जागंच असणार. तिथे कळवायचं नव्हतं. मी तक्त्यावर वेळ लिहिली, आकडे लिहिले.

[दृश्य: औषधांच्या खोलीतलं बाकडं. मुलांचे लोंबकळणारे पाय.]

शुक्रवारी त्याच्या पंपाची साइट बदलायची होती. नळीचं टोक कातडीखाली नवीन जागी बसवायचं, दर दोन-तीन दिवसांनी. घरी हे काम आईचं, पाठीमागे कमरेवर. इथे तो म्हणाला, मी करतो, पोटावर.

नर्स शेजारी बसली. जागा पुसून झाली, बटणावर अंगठा गेला. पोरांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, आणि त्यानं हात काढला. पुन्हा एक, दोन, पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी मोजायला कुणी आवाज चढवला नाही.

माझा जोडीदार तिथेच उभा होता. त्याची स्वतःची साइट बदलायला अजून एक दिवस होता. त्यानं खिशातून नवीन संच काढला, शर्ट वर केला, मुलाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मी तीनला दाबतोय. तू बघ तुझं."

दोन खटके एकदम वाजले.

[दृश्य: शनिवार. गाड्यांची रांग. सुटकेस, झोपायच्या पिशव्या.]

आई आली ती आधी त्याला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग मी तक्ता दिला. त्यांचं बोट थेट तिसऱ्या रात्रीवर गेलं, तिथे थोडा वेळ थांबलं, आणि पुढे सरकलं.

"आज साइट बदलायची ना रे? सगळं सामान गाडीत आणलंय मी."

"काल बदलली."

"नर्सनं?"

"मी."

त्यानं टी-शर्ट वर केला. चिकटपट्टी तिरकी बसली होती, एक कोपरा सुटून वर आला होता. आईचा हात तो कोपरा दाबायला पुढे गेला. मधेच थांबला.

कोपरा त्यानं स्वतःच अंगठ्यानं दाबला, आणि गाडीचं दार उघडलं.