थांब्यावर उभा राहणारा मुलगा

नमस्कार श्रोतेहो.

मी आहारतज्ज्ञ आहे. ११ वर्षं मी अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिम भागात काम केलं. ती वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय अमेरिकनांची. वजन उतरवायला घरच्यांची मदत होते का, आणि होते तर नेमकी कशी, हे मी तिथे शिकले. आज तेच सांगायला आले आहे.

आधी थोडी माहिती. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत २०१७-१८ साली तिथल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी ४९.६ टक्के लोक लठ्ठपणाच्या गटात होते. बायकांमध्ये हे प्रमाण ५६.९ टक्के. ही माणसं आळशी आहेत असं कृपा करून समजू नका. दोन-दोन नोकऱ्या, रात्रपाळ्या, कोपऱ्यावरच्या दुकानात चिप्स आणि सोडा हाताशी, ताजी भाजी मात्र बस पकडून आणायची, असं त्यांचं रोजचं जगणं.

वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो, हे २००२ साली एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. ३,२३४ लोक, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. एका गटाला उद्दिष्ट दिलं होतं ७ टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं. त्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. पुन्हा सांगते, गोळीनं ३१, चालण्या-खाण्यानं ५८. पण अशा कार्यक्रमांत कृष्णवर्णीय बायकांचं वजन सरासरीनं कमीच उतरतं, हेही वारंवार दिसलं आहे. म्हणून विचार पुढे आला की एकट्या बाईला बोलावू नका, तिच्या घरचं माणूस बरोबर घ्या.

आमचा वर्ग चर्चच्या तळघरात भरायचा, दर गुरुवारी संध्याकाळी. दवाखान्यात का नाही? अलाबामातल्या टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी डॉक्टरांनी शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा गुप्तरोग नुसता बघत ठेवला, औषध असूनही दिलं नाही. ते तिथे कुणी विसरलेलं नाही. चर्चवर विश्वास असतो. आणि खुर्च्या. तळघरात बिनहातांच्या खुर्च्या होत्या. श्रोत्यांत कुणी डॉक्टर असतील तर त्यांना हात जोडून विनंती करते, तुमच्या दवाखान्यात चार खुर्च्या तरी बिनहातांच्या ठेवा. जाड माणूस त्या हातांमध्ये अडकतो, लाजतो आणि पुन्हा फिरकत नाही. आपल्याकडेही हेच चालतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

असो. त्या वर्गातली एक बाई मला तुम्हाला भेटवायची आहे. वय ५४, वृद्धाश्रमात नोकरी, पाळी संपवून घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ. आमचा नियम होता की प्रत्येकीनं घरचं एक माणूस आणायचं. तिनं अर्जावर थोरल्या बहिणीचं नाव लिहिलं.

थोरली आली. टोपी घालून, पहिल्या रांगेत बसली. ओळख करून देताना म्हणाली, ‘‘ही रात्री उठून केक खाते, मला माहीत आहे.’’ सगळ्यांसमोर! धाकटीनं मान खाली घातली ती वर्ग संपेपर्यंत वर केली नाही.

त्यांच्याकडे रविवारी चर्च सुटलं की आईच्या घरी जेवण असतं. तळलेलं कोंबडं, चीज घातलेली मॅकरोनी, डुकराच्या धुरावलेल्या हाडाबरोबर तासन्‌तास शिजलेली पालेभाजी, रताळ्याचा गोड पदार्थ. थोरली तिथे धाकटीच्या ताटातली मॅकरोनी उचलून आपल्या ताटात घ्यायची. प्रेमानंच घ्यायची हो, बहिणीला मधुमेह होईल ही भीती तिला खरोखर होती. पण धाकटी मग गाडीत बसून एकटीच खायला लागली. आमच्याकडे रोज काय खाल्लं ते वहीत लिहायचं असतं. तिची वही कोरी यायला लागली. आठव्या आठवड्यात तिचं वजन, ती पहिल्यांदा आली होती तेव्हापेक्षा २ पौंड, म्हणजे जवळजवळ एक किलो, जास्त भरलं.

आणि मग काटा खाली यायला लागला. ३ पौंड. ५ पौंड. मी वही उघडली. खाण्याचे रकाने अजून अर्धे रिकामे, पण चालण्याच्या रकान्यात रोज एकच आकडा, २२ मिनिटं. विचारलं, कुणाबरोबर? म्हणाली, ‘‘पोरगा.’’

पोरगा २४ वर्षांचा, गोदामात माल चढवायच्या कामाला. अर्जावर त्याचं नाव नव्हतं. बॉल्टिमोर ॲव्हेन्यूवरून ट्रॉली धावते, म्हणजे आपली जुनी ट्राम. एका रात्री ती वाटेतच बंद पडली. आईनं फोन केला, अंधार होता, तो चालत घ्यायला आला. ‘‘पंधरा वर्षांचा झाल्यापासून तो माझ्याशी चार वाक्यं बोलला नव्हता,’’ ती म्हणाली, ‘‘त्या रात्री बोलला.’’ दुसऱ्या दिवशी ट्रॉली सुरळीत होती. पण घराच्या चार थांबे अलीकडे खिडकीतून तिला पोरगा दिसला, कालच्याच जागी उभा. ती उतरली.

त्यानंतर रोज. पावाच्या रिकाम्या पिशवीत ती चालायचे बूट न्यायची आणि ट्रॉलीत बसल्या बसल्या बदलायची. केस भिजू नयेत म्हणून डोक्याला सॅटिनचा रुमाल. बर्फ पडलं तरी तो उभा असायचा. मी विचारलं, तो तुला काय सांगतो? ‘‘गोदामातल्या गोष्टी. मी काय खावं ते एकदाही नाही.’’

मी त्याला वर्गाला बोलावलं. एकदाच आला, दारातच उभा राहिला. जाताना स्वतःहून काट्यावर चढला. त्याचंही ११ पौंड उतरलं होतं.

वेळ संपत आली, म्हणून एवढंच सांगते. याच फिलाडेल्फियात शिरीकी कुमान्यिका या संशोधक बाईंनी ३४४ कृष्णवर्णीय प्रौढांचा दोन वर्षांचा अभ्यास केला, तो २००९ साली छापून आला. काही जण एकटे आले, काही घरचं माणूस किंवा मित्र घेऊन. घरच्यांना कार्यक्रमात जास्त गुंतवलं म्हणून फरक पडला का? ठळक असा नाही पडला. पण ज्यांच्या जोडीदाराचं, म्हणजे बरोबर आणलेल्या माणसाचं, स्वतःचं वजन निदान ५ टक्के उतरलं, त्यांचंही जास्त उतरलं. पुन्हा सांगते, जोडीदाराचं स्वतःचं वजन. त्या अभ्यासातल्या आकड्यांसमोर बसले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो थांबा होता.

त्या बाईचं वर्षभरात १९ पौंड कमी झालं, त्यातलं ६ पुन्हा वाढलं. साखर मात्र काबूत राहिली.

मी इकडे परतल्यावर तिचा फोन आला होता. पोराचं लग्न झालं, तो न्यू जर्सीला राहायला गेला. मी विचारलं, मग आता थांब्यावर कोण असतं?

‘‘थोरली,’’ ती म्हणाली. ‘‘तिला बजावून ठेवलंय, ताटाबद्दल एक शब्द काढायचा नाही. आता ती चालताना आईच्या आठवणी सांगते.’’

नमस्कार.