काच ओली असेपर्यंत

पडद्यावर दिसतोय तो इजिप्तमधल्या नाईल नदीतल्या फाइली बेटावरचा ट्राजानचा मंडप. इंग्रज छायाचित्रकार फ्रान्सिस फ्रिथचं छायाचित्र, काचेच्या निगेटिव्हवर घेतलेलं, 1857 सालचं. दगडांचे सांधे मोजून घ्या, आकाश मात्र कोरं. हौशी मंडळी याला सौंदर्यदृष्टी म्हणतात. मला त्यात आधी रसायन दिसतं.

फ्रिथच्या आधी, 1849 ते 1851 या काळात फ्रेंच लेखक मॅक्सिम द्यू कां कागदी निगेटिव्ह घेऊन नाईलवर फिरला. उंची कळावी म्हणून तो हाजी इस्माईल नावाच्या खलाशाला मूर्तींवर चढवायचा. त्यानं हलू नये म्हणून, भिंगाची पितळी नळी ही तोफ आहे, अशी थापही मारलेली! कागद आधी तयार करून ठेवता येई, पण त्याचे तंतू छापात उतरत आणि बारीक अक्षरं पुसट होत.

काचेवर ती अडचण नाही. तिथं भांडण वेळेशी. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन, म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या गन-कॉटनचं चिकट द्रावण, ओतायचं, चारही कोपऱ्यांना फिरवून उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचं. थर चिकट असतानाच काच तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. मग कॅमेरा, आणि लगेच परत तंबूत डेव्हलपर, म्हणजे प्रतिमा उमटवणारं द्रावण. थंड हवेत हातात दहाएक मिनिटं असतात. काच वाळली की पृष्ठभागावरचं सिल्व्हर नायट्रेट घट्ट होऊन स्फटिक धरतं, डाग पडतात, संवेदनशीलता जाते.

न्युबियात, म्हणजे नाईलच्या दक्षिणेकडच्या तापलेल्या भागात, तर पहिल्याच पायरीला घात. कलोडियनमधलं ईथर 35 अंशांच्या आसपास उकळतं. बंद तंबूत पारा त्याच्या वर, म्हणजे काचेला लागताच कलोडियन फसफसणार आणि थराला वळ्या पडणार. फ्रिथनं हे लिहून ठेवलंय. त्याची मोठी काच 16 बाय 20 इंचांची. एवढ्या पसाऱ्यावर थर सारखा पसरेपर्यंत एक कड सुकायला लागते. शिवाय उन्हानं डेव्हलपर धावतो आणि सगळी काच धुरकटते. त्यावर उपाय ॲसेटिक ॲसिड वाढवण्याचा. पाण्यातल्या क्षारांनी चांदी साक्यासारखी खाली बसते, म्हणून सिल्व्हर नायट्रेटच्या बाथला ऊर्ध्वपातित पाणीच हवं. शेवटच्या धुण्याला गाळलेलं नाईलचं चालतं. धुळीचा कण बसला तर छापात धूमकेतूसारखा डाग.

कोऱ्या आकाशाचं कारण असं, की हे रसायन निळ्या प्रकाशाला फार हपापलेलं आणि पिवळसर दगडाला मंद. दगडापुरता वेळ दिला की आकाश जळून जातं. उथळ कोरीवकामाला तर तिरपं ऊनच लागतं. भर दुपारी चित्रलिपी सपाट होते.

एवढ्या खटपटीचं मोल दक्षिण इजिप्तमधल्या अर्मंटला कळतं. तिथलं क्लिओपात्राच्या काळातलं जन्ममंदिर (देवाच्या जन्माला वाहिलेलं छोटं मंदिर) 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडलं आणि दगड साखर कारखान्याच्या बांधकामाला गेले. त्याचे खांब कसे उभे होते हे पाहायचं, तर आज आधीची रेखाटनं आणि 1850 च्या दशकातली ही छायाचित्रंच उघडावी लागतात.